तोलेगेन मास्तरांचा चरबीचा धडा

तोलेगेन मास्तरांचा एक दावा आमच्या गावात सगळ्यांना तोंडपाठ होता. "माझे डोळे बांधा आणि हातावर कुठलीही ऊती ठेवा. स्नायू की चरबी, कुठल्या जनावराची, अंगाच्या कुठल्या भागातली, सगळं घडाघडा सांगतो." पैज लावायला कुणी पुढे येत नसे. ज्याच्याकडे मांस असतं तो ते शिजवून खातो, मास्तरांच्या हातावर कशाला ठेवेल?

मास्तर गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी त्यांचा जाहीर पाठ ठरला. जाहीर पाठ म्हणजे जिल्ह्याहून आलेली माणसं मागच्या बाकांवर बसून वहीत काहीतरी लिहितात आणि शिक्षकाच्या घशाला कोरड पडते. धडा होता संयोजी ऊती आणि मेद ऊती. इतर शिक्षकांनी असल्या वेळी तक्ता टांगला असता आणि छडीने दाखवला असता. मास्तरांना ते कसं पटावं?

"तक्त्यावरची चरबी पाहून कुणाला काही कळलंय का? मी खरी चरबी दाखवणार. उकडून, कापून, एकेकाच्या हातात देणार. जिल्ह्याची माणसं वही मिटून बघत बसतील."

आमच्या मेंढ्यांना शेपटीच्या जागी चरबीचं चांगलं ढोलकीएवढं गाठोडं असतं. बर्फाखाली गवत सापडेनासं झालं की मेंढी त्याच्यावर हिवाळा काढते. मास्तर तिला 'पाठीमागे कोठार बांधून हिंडणारी शहाणी' म्हणत. धड्याला याहून चांगला नमुना कुठला मिळणार? तुलनेसाठी मेंढीचं यकृतही घ्यायचं. यकृत म्हणजे कारखाना, चरबी म्हणजे कोठार, असं वाक्यही त्यांनी तयार ठेवलं होतं.

गुरुवारी दुपारी बायको, म्हणजे कुल्याशवहिनी, बहिणीकडे गेलेल्या. मास्तरांची धाकटी बहीण सागिरा दवाखान्यात कामावर. घर मोकळं. मास्तर मागच्या पडवीत गेले. थंडीत आमची पडवी हेच शीतकपाट असतं. हिवाळ्यासाठी कापलेल्या जनावरांचं मांस फडक्यांत गुंडाळून, दगडासारखं गोठून फळीवर रांगेने ठेवलेलं होतं. मास्तरांनी एक पांढरं गाठोडं काढलं, एक तांबडं काढलं आणि चुलीवर चढवलं. मीठ घातलं नाही. विज्ञानात मीठ नसतं, हे त्यांचंच मत.

मग पापडाइतके पातळ काप केले आणि ते मांडले. एक पांढरा, एक तपकिरी, एक पांढरा, एक तपकिरी, म्हणजे मुलांना फरक चटकन दिसावा. जिल्ह्याची माणसं येणार म्हणून पाहुण्यांसाठीचं निळं ताट काढलं.

इथे आमच्याकडचं कुठलंही शेंबडं पोर ओरडलं असतं की मास्तर, हात आवरा. शेपटीची चरबी आणि यकृत एका ताटात, एकाआड एक, हे आम्ही फक्त एकाच प्रसंगी वाढतो. सोयरीक पक्की करताना. मुलीकडचे ताट पुढे करतात, व्याही व्याह्याला स्वतःच्या हाताने भरवतो, आणि घास गिळला की झालं. त्यानंतर नाही म्हणणाऱ्या घराच्या उंबऱ्याला पुढे कुणी पाय लावत नाही. मास्तरांनी स्वतःच्या सोयरिकीत हे ताट पाहिलं होतं आणि थोरल्या मुलीच्या वेळी स्वतः भरवलं होतं. पण त्या दुपारी त्यांना ताटात सोयरीक दिसत नव्हती, पेशी दिसत होत्या.

आणि नेमके त्याच वेळी शेजारचा दुयसेन आणि त्याची बायको जुमागुल दार लोटून आत आले. उसनी नेलेली मोठी कढई परत द्यायला आले होते. दुयसेनला असं पडसं झालं होतं की नाक आहे की नळ ते कळू नये.

"मास्तर, कढई कुठे ठेवू?" तो गेंगाण्या आवाजात म्हणाला. मग त्याची नजर ताटावर गेली. त्याने कढई ठेवली ती स्वतःच्याच पायावर.

"बरा आलास," मास्तर म्हणाले. "या वहिनी, बसा. मी विचारच करत होतो की आधी कुणावर तरी हे करून बघावं."

"आमच्यावर?" जुमागुलने डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"तुमच्यासारखी जवळची माणसं सोडून आणखी कुणावर करणार?" मास्तर आमच्या रीतीप्रमाणे आधी घरादाराची, गुराढोरांची विचारपूस करू लागले. "उंट काय म्हणतात? काल्दिबेक कसा आहे? सागिरा कालच त्याच्याबद्दल विचारत होती. या महिन्यात इंजेक्शन घ्यायला आला नाही म्हणत होती."

काल्दिबेक म्हणजे दुयसेनचा थोरला भाऊ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. उंट पाळायचा आणि उंटांइतकंच बोलायचा.

"सागिरा विचारत होती?" जुमागुल म्हणाली आणि तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"दोनदा विचारलं. बरं, इकडे बघा." मास्तरांनी एक पांढरा आणि एक तपकिरी काप एकत्र उचलला. "हे दोन वेगळे दिसतात ना? पण दोघांनाही आतून धरून ठेवणारी एक जाळी असते. ती दिसत नाही, पण ती नसेल तर सगळं सांडून जाईल. आ कर, दुयसेन."

"मी? आत्ता? असंच?"

"मग काय, मुहूर्त बघायचा? आ कर."

दुयसेनने आ केला. मास्तरांनी स्वतःच्या हाताने घास भरवला. दुयसेनच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांना वाटलं, पडसं.

"चाव नीट. दाताखाली काही चिवट लागतं का?"

"लागतं तर."

"तीच ती!" मास्तर खूश झाले. "चरबी वितळते, जाळी टिकते. वहिनी, तुम्हीही घ्या."

जुमागुलने घास घेतला, मग तिनेच एक काप उचलून मास्तरांना भरवला आणि हुंदके देत त्यांच्या गळ्यात पडली. दुयसेनने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून इतका वेळ हलवला की खांद्याची खोबण ढिली व्हावी. जाताना जुमागुलने ताटातले उरलेसुरले सगळे काप रुमालात बांधून घेतले. शुभकार्याच्या ताटातलं घरच्यांसाठी बांधून न्यायची आमची पद्धतच आहे. मास्तर रिकाम्या ताटाकडे बघत राहिले. उद्याचा नमुना गेला होता. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मेद ऊती ऐकून कुणी रडल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं, त्यामुळे नमुन्याचं दुःख त्यांना फारसं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत निघाले तर गाव त्यांना वाट देईना.

"मास्तर, अभिनंदन," दुकानदार म्हणाला. "उशीर झाला, पण चांगलं केलंत."

"चांगल्या गोष्टीला उशीर कसला?" मास्तर म्हणाले. बातमी जिल्ह्यापर्यंत गेली की काय, असं त्यांना वाटलं.

"घाबरला नाहीत का?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं. "तिला सांगितलंत?"

"कुणाला?"

"तिला हो."

मास्तरांना वाटलं, जिल्ह्याहून येणाऱ्या बाई. "तिला सांगायचं काय? येईल, बसेल, बघेल, आवडलं तर शेरा लिहील."

ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर बंद केला आणि मास्तरांना आदराने सलाम ठोकला.

शाळेत मुख्याध्यापकांनी मिठी मारली. वर्गात पोरं फिदीफिदी हसत होती. नमुना नसल्यामुळे मास्तरांनी खडूने फळ्यावर मेद पेशी काढली आणि सांगितलं, "हे बघा, चरबीचा थेंब इतका मोठा होतो की पेशीचं केंद्रक बिचारं कडेला चेपून बसतं. घरात धान्याची पोती रचली आणि मालकाला कोपऱ्यात उभं राहावं लागलं, तसं." जिल्ह्याच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि निघताना म्हणाल्या, "घरी कार्य असूनही पाठ घेतलात, कौतुक आहे." कसलं कार्य? मास्तरांचं डोकं चालेना.

घरी आले तर अंगणात एक मेंढा बांधलेला. शिंगांना लाल फीत. मास्तर त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले. शेपूट उत्तम होती. "नमुना पाठवलाय दुयसेनने," ते स्वतःशी म्हणाले. "गुणी माणूस. कालचा खाल्ला म्हणून भरपाई."

दारात कुल्याशवहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"अहो, सागिराची सोयरीक केलीत?"

"कुणाची? कुणाशी?"

"ते मी तुम्हाला विचारतेय. बहिणीकडून येते तर अर्धं गाव मला विहीणबाई म्हणतंय. निळ्या ताटात चरबी आणि यकृत ठेवून दुयसेनला भरवलंत की नाही?"

"भरवलं. पण ती ऊती होती गं."

"तुमच्या हातात होती तोवर ऊती. त्याच्या पोटात गेली आणि सोयरीक झाली."

मास्तर मेंढ्याशेजारी मटकन खाली बसले. आत्ता कुठे त्यांना ते ताट सगळं दिसलं. पांढरा, तपकिरी, पांढरा, तपकिरी.

आता सागिरा कोण ते सांगायला हवं, म्हणजे मास्तर एवढे का हादरले ते कळेल. सागिरा गावच्या दवाखान्यात परिचारिका. पंचेचाळिशी उलटलेली, अविवाहित, आणि आपण होऊन अविवाहित. तिची सुई टोचली नाही असं ढुंगण गावात नव्हतं. तिच्या लग्नाचा विषय काढणाऱ्यासाठी ती वेगळी जाड सुई ठेवते, अशी बोलवा होती. मास्तरांचा तिच्यावर जीव होता. आई गेल्यापासून ती त्यांच्याकडे राहायची. तिला न विचारता तिचं काही ठरवावं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि आता एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला जन्माचा शेजार, आणि मधे मास्तरांच्या हातचा बिनमिठाचा घास.

शनिवारी सकाळी ते नुरताय आजोबांकडे गेले. गावचे तंटे आजोबा दाढी कुरवाळत सोडवत.

"आजोबा, चुकून भरवलं तर सुटका असते का हो?"

"गिळलं का त्याने?"

"गिळलं."

"मग पोटात गेलेलं परत ताटात येतं का? येऊ नये." आजोबांनी दाढीवरून हात फिरवला. "एक वाट आहे. चरबी शेपटीची नसेल तर सोयरीक धरत नाही. पोटाची, कमरेची, दुसऱ्या जनावराची असली तर तो नुसता फराळ. मी दुयसेनला समजावतो. बोला मास्तर, शेपटीचीच होती का? नक्की आठवा."

आजोबांनी डोळा मारला, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. दार सताड उघडं करून दिलं होतं हो त्यांनी. पण मास्तरांच्या इभ्रतीचा प्रश्न आला.

"आजोबा, काय विचारता? शंभर टक्के शेपटीची. ऊती ओळखायला मी चुकेन?"

"धन्य आहात," आजोबा म्हणाले. "मग लग्नाला लागा."

दवाखान्यात सागिरा सुया उकळत होती. मास्तरांनी दारातच उभं राहून, पाय बाहेरच ठेवून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. पाणी उकळत राहिलं.

"कुणाशी म्हणालास?"

"काल्दिबेकशी."

"मला विचारलंस, दादा?"

"मलासुद्धा कुणी विचारलं नाही गं. मी धडा शिकवत होतो."

"मी काय अंगणातली मेंढी आहे? ताट पुढे केलं आणि दावं बदललं?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मास्तर जास्त घाबरले. तिने कोट चढवला. "मी स्वतः जाते आणि त्याला सांगते."

"सुई नेऊ नकोस," मास्तर म्हणाले आणि तिच्या मागोमाग बर्फातून चालू लागले, जरा अंतर राखून.

काल्दिबेक उंटांच्या गोठ्यात होता. दाढी गुळगुळीत केलेली, अंगात सूट, आणि त्या सुटात तो उंटांना चारा टाकत होता. मास्तर कुंपणाआड थांबले.

"हे बघ," सागिरा म्हणाली, "चूक झालीय. माझा भाऊ जाहीर पाठाची तयारी करत होता. ते ताट शाळेचं होतं."

काल्दिबेकने चारा खाली ठेवला. एक उंट ओरडला.

"म्हणजे तू विचारलं नव्हतंस?" काल्दिबेक म्हणाला.

"काय?"

"मी इंजेक्शनला का आलो नाही ते."

"ते विचारलं होतं. आला का नाहीस?"

"उंटीण आजारी होती."

"मग निरोप पाठवायला काय झालं होतं? मी सुई उकळून ठेवली होती."

"म्हणजे ते विचारणं खरं होतं."

सागिराने मान वळवली. "ते खरं होतं," ती म्हणाली. "पण ताट खोटं होतं. माझं मी ठरवते. मला कुणी विचारलेलं नाही."

"विचारतो."

"विचार मग."

"विचारलं."

"याला विचारणं म्हणतात?"

काल्दिबेकने टोपी काढली. एवढं मोठं वाक्य त्याने आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच जुळवलं. "सागिरा, कित्येक वर्षं दर महिन्याला तुझ्याकडून टोचून घेतोय. मला काहीही झालेलं नाही."

"ठाऊक आहे मला," सागिरा म्हणाली. "तुझ्या डाव्या बाजूला चरबी जास्त आहे, तिथे दुखत नाही. तरी तू उजवी बाजू पुढे करतोस."

"दुखलं की तू जास्त वेळ चोळून देतेस."

कुंपणाआड मास्तरांना काही म्हणजे काही कळेना. ही मोडतेय की जोडतेय? सागिरा परतली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते, पण थंडी होतीच म्हणा.

"दादा, पुढच्या रविवारी त्यांना रीतसर बोलाव," ती म्हणाली. "आणि ताट पुन्हा कर. या वेळी मला विचारून."

मास्तरांना तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडले नाहीत, कारण ती तरातरा पुढे निघून गेली होती आणि चक्क गुणगुणत होती. सागिराला गुणगुणताना त्यांनी आईच्या पश्चात ऐकलं नव्हतं. बर्फात उभ्या उभ्या त्यांचे डोळे भरले.

रविवार उजाडला. कुल्याशवहिनींनी मास्तरांना पडवीतून चरबी आणायला पिटाळलं. मास्तरांनी फळीवरचं मोठं गाठोडं सोडलं आणि आत पाहिलं. मेंढीची शेपूट. अख्खी. गुबगुबीत. सुरीचा स्पर्शही न झालेली.

"अगं," ते तसेच गाठोडं धरून आत आले, "ही इथे आहे, तर मी कापलं ते काय?"

वहिनी पडवीत जाऊन फळी बघून आल्या. "अहो, घोड्याच्या मानेची चरबी कुठेय? वसंताच्या सणासाठी राखून ठेवली होती मी."

मास्तरांचा चेहरा चरबीसारखा पांढरा पडला. घोड्याची मान. म्हणून ती दाताखाली एवढी चिवट लागत होती. शेपटीची चरबी लोण्यासारखी विरघळते, हे ते पोरांना दर वर्षी शिकवायचे. दुयसेनला पडसं होतं, त्याला चव कळली नाही हे समजण्यासारखं आहे. पण जुमागुलने एक काप मास्तरांच्या स्वतःच्या तोंडात घातला होता.

"म्हणजे सोयरीक झालीच नव्हती," ते पुटपुटले. "नुसता फराळ. मी शंभर टक्के म्हणालो होतो. आजोबांना जाऊन सांगायला हवं. शास्त्राचा प्रश्न आहे."

वहिनींनी नुसतं खिडकीकडे बोट केलं. अंगणात सागिरा कालच घातलेले चांदीचे कानातले बादलीतल्या पाण्यात वाकून बघत होती. काल्दिबेकने स्वतः आणून दिलेले.

"शास्त्राला म्हणावं, गप बस," वहिनी म्हणाल्या.

दुपारी घर भरलं. पाहुणे, पोरं, मांसाच्या परातींची ये-जा. मास्तर फळ्यावरच्या केंद्रकासारखे कडेला चेपून बसले होते. व्याह्यांची थट्टा करायची म्हणून बायकांनी दुयसेनच्या तोंडाला पीठ फासलं होतं. त्याचं पडसं बरं झालं होतं. निळं ताट आलं. पांढरा, तपकिरी, पांढरा, तपकिरी. मास्तरांनी घास उचलला आणि दुयसेनला भरवला. दुयसेन चावू लागला. मग थांबला.

"मास्तर," तो भर पंगतीत म्हणाला, "तुमची ती जाळी कुठे गेली? गेल्या खेपेला कशी दातांत अडकली होती. ही तर जिभेवर विरली."

नुरताय आजोबा दाढी कुरवाळायचे थांबले.

"खरंच की मास्तर," ते म्हणाले. "दोन्ही शेपटीच्याच, मग एक मऊ आणि एक चिवट कशी? तुम्ही तर डोळे मिटून ओळखता."

मास्तरांनी खरोखरच डोळे मिटले. समोर बहिणीचं सुख होतं, मागे आयुष्यभराचं शास्त्र. पण शास्त्र अगदीच दगा देत नाही. एक सोळा आणे खरी गोष्ट त्यांना वेळेवर आठवली.

"त्यात काय आजोबा," ते मोठ्या आवाजात म्हणाले, "वय झालं की संयोजी ऊती चिवट होते. कितीही उकडा, दाद देत नाही. आता गेल्या खेपेची होती म्हातारी. म्हटलं खपवून टाकू."

त्यांनी डोळे उघडले तेव्हा दारात सागिरा चहाचं भांडं घेऊन उभी होती. तिने बाकीचं काही ऐकलं नव्हतं, शेवटची दोन वाक्यं तेवढी ऐकली होती.

सोयरीक पक्की झाली आणि वसंतात लग्नही लागलं. मास्तर उभ्याने जेवले. नेमकं त्याच आठवड्यात त्यांना दुयसेनसारखं पडसं झालं होतं आणि सागिराने लग्नाआधी त्याचा पूर्ण इलाज केला होता. गावात कुणी विचारलं, तर ते डोळे मिटून सांगतात की जाड सुई खरोखरच वेगळी असते.